पोकरच्या टेबलावरची बोली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी शनिवारी रात्री चिंचोक्यांवर पोकरचा डाव बसतो. पैसे नसतात, प्रत्येकाला शंभर चिंचोके मोजून मिळतात. नवा माणूस आला की तासभर तो पानांपेक्षा शब्दांनीच जास्त गोंधळतो. त्याच त्या प्रश्नांची उत्तरं देता देता ही यादी तयार झाली. सगळी उत्तरं टेक्सस होल्डम या प्रकाराला धरून आहेत, कारण आज 'पोकर' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तोच प्रकार येतो. टेक्ससच्या विधिमंडळाने २००७ साली रॉब्सटाऊन हे त्याचं जन्मगाव म्हणून मान्य केलं.

पहिल्या दिवशी किती शब्द पुरतात?

सहा. पुढे कोणी पैसे लावलेले नसतील आणि तुम्हालाही लावायचे नसतील तर 'चेक'. पहिल्यांदा लावले तर 'बेट'. समोरच्याने लावले तेवढेच भरले तर 'कॉल', त्याहून वाढवले तर 'रेज'. पानं टाकून डावातून उठलात तर 'फोल्ड'. आपल्यापुढच्या सगळ्या चिपा (पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या) मध्ये सारल्या तर 'ऑल-इन'. मध्ये जमलेली रक्कम म्हणजे 'पॉट' आणि टाकलेल्या पानांचा ढीग म्हणजे 'मक'. पान एकदा मकमध्ये गेलं की परत मागता येत नाही, मग ते कितीही चांगलं असो. हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं बरं.

मला तीन पत्ती येते. शब्द तेच आहेत ना?

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तीन पत्तीत 'ब्लाइंड खेळणं' म्हणजे पानं न पाहता चाल करणं, आणि तो तुमच्या मर्जीचा भाग आहे. पोकरमधला 'ब्लाइंड' ही सक्तीची रक्कम असते. डाव वाटण्याआधीच दोन जागांवरच्या खेळाडूंनी ती भरायची. लहान ती 'स्मॉल ब्लाइंड', साधारण तिच्या दुप्पट ती 'बिग ब्लाइंड'. पानं मात्र सगळ्यांनी उचलून बघायचीच. आपण ज्याला 'बूट' म्हणतो, म्हणजे सगळ्यांनी आधी टाकायची रक्कम, तिला पोकरमध्ये 'अँटी' म्हणतात. आपलं 'पॅक' म्हणजे तिकडचं 'फोल्ड'. तीन पत्तीत शेवटी दोघं उरले की पैसे भरून 'शो' मागता येतो. पोकरमध्ये पैसे लावायची शेवटची फेरी संपली की उरलेले खेळाडू आपोआप पानं दाखवतात आणि त्याला 'शोडाऊन' म्हणतात. 'साइड शो' पोकरमध्ये नाहीच. 'साइड पॉट' ऐकून फसू नका. एखादा ऑल-इन झाला आणि बाकीच्यांकडे अजून चिपा असतील, तर त्यांच्यापुरता वेगळा मांडलेला पॉट म्हणजे साइड पॉट.

पण खरा धक्का बसतो तो हातांच्या क्रमात. तीन पत्तीत रन (ओळीने येणारी पानं) कलरपेक्षा (सगळी पानं एकाच चिन्हाची, म्हणजे सगळी इस्पिक किंवा सगळी बदाम) मोठी. पोकरमध्ये रनला 'स्ट्रेट' आणि कलरला 'फ्लश' म्हणतात, आणि तिथे फ्लश मोठा. दिवाळीत तीन पत्ती खेळून आलेला माणूस हातात स्ट्रेट घेऊन सगळे चिंचोके लावतो आणि समोरचा कलर दाखवून घेऊन जातो, हे मी कितीदा पाहिलं आहे. हा कोणाच्या लहरीने ठरलेला नियम नाही. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात; त्यांत साधी रन ७२० वेळा येते आणि कलर १,०९६ वेळा. रन दुर्मीळ, म्हणून ती मोठी. पाच पानांचे २५,९८,९६० हात होतात. त्यांत स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश ५,१०८. इथे फ्लश दुर्मीळ. पानं दोन वाढली आणि पारडं फिरलं. (तीन पत्तीत एक जागा मात्र या हिशेबात बसत नाही: ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, ५२ वेळा येते आणि पक्की रन, म्हणजे एकाच चिन्हाची रन, ४८ वेळा, तरी ट्रेलच सगळ्यांत वर मानतात.)

फ्लॉप, टर्न, रिव्हर म्हणजे काय?

प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, ती 'होल कार्ड्स' किंवा 'पॉकेट'. मग टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात. आधी एकदम तीन, तो फ्लॉप. मग चौथं, तो टर्न. शेवटी पाचवं, तो रिव्हर. या पाचांना मिळून 'बोर्ड' म्हणतात. हातातली दोन आणि बोर्डवरची पाच अशा सात पानांतून सगळ्यांत चांगली पाच धरायची. टर्न आणि रिव्हरला जुने लोक 'फोर्थ स्ट्रीट' आणि 'फिफ्थ स्ट्रीट' म्हणतात. रिव्हर हे नाव मिसिसिपीवरच्या आगबोटींतल्या जुगाऱ्यांवरून आलं असं टेबलावर हटकून सांगितलं जातं. गोष्ट म्हणून ऐकावी.

'रिव्हर्ड' हे क्रियापद मात्र रोजचं आहे. शेवटपर्यंत तुम्ही पुढे होतात आणि शेवटच्या पानाने हरलात, तर तुम्हाला रिव्हर लागला.

बटन कशाला म्हणतात? त्याला एवढं महत्त्व का?

पांढरी गोल चकती. डाव कोण वाटतंय हे दाखवायला ती फिरते. कॅसिनोत वाटणारा पगारी डीलर असला तरी चकती खेळाडूंपुढूनच सरकते. पूर्वी अमेरिकेत या कामाला जी खूण ठेवत तिला 'बक' म्हणत. आपली पाळी पुढच्याकडे सारणं म्हणजे 'बक' पुढे देणं, आणि जबाबदारी ढकलणं हा त्याचा अर्थ तिथूनच आला. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन पोकरचे शौकीन होते. 'बक इथे थांबतो' अशी पाटी त्यांच्या टेबलावर होती, तिचं मूळ या चकतीत आहे.

महत्त्व अशासाठी, की फ्लॉपनंतर बटनवरचा खेळाडू प्रत्येक वेळी शेवटी बोलतो. बाकीच्यांनी काय केलं हे पाहून ठरवायला मिळणं हा मोठा फायदा आहे आणि त्यालाच 'पोझिशन' म्हणतात. उलट टोकाला 'अंडर द गन': बिग ब्लाइंडच्या लगेच पुढची जागा, जिथे कोणाचाच अंदाज नसताना सगळ्यांच्या आधी बोलावं लागतं. बंदुकीच्या नळीपुढे बसल्यासारखंच ते. बटनच्या आधीची जागा 'कटऑफ', तिच्या आधीची 'हायजॅक'. त्याच पानांनी अंडर द गनला फोल्ड करावं आणि बटनवर रेज करावं, हे कळायला मला बरेच महिने लागले आणि ते कळल्यावर खेळच बदलला.

'माझ्याकडे नट्स आहेत' म्हणजे?

या बोर्डवर होऊ शकणारा सगळ्यांत मोठा हात माझ्याकडे आहे, मला कोणीही हरवू शकत नाही. समजा बोर्डवर इस्पिकची राणी, नव्वी आणि चौकी, शिवाय बदामाचा गुलाम आणि चौकटची दुर्री आहे. इथे नट्स म्हणजे हातात इस्पिकचा एक्का आणि आणखी एक इस्पिक. आता शेवटचं पान दुर्रीऐवजी चौकटची नव्वी आलं असतं तर? बोर्डवर नव्वीची जोडी लागली, आणि उरलेल्या दोन नव्व्या ज्याच्या हातात, त्याच्या चार नव्व्या झाल्या. नट्स दुसऱ्याचे झाले. म्हणून प्रत्येक पान उलटलं की 'आता नट्स काय?' असं मनाशी विचारायची सवय लावा. हा एवढा एक शब्द नीट शिकलात तरी बोर्ड वाचायला शिकलात.

पानांच्या जोड्यांना नावं का असतात?

हा माझा आवडता भाग. दोन एक्के म्हणजे 'पॉकेट रॉकेट्स' किंवा 'बुलेट्स'. सरासरी २२१ डावांत एकदा हाती येतात. दोन राजे 'काऊबॉइज', दोन राण्या 'लेडीज', दोन गुलाम 'हुक्स', कारण इंग्रजी जे हे अक्षर गळासारखं दिसतं. दोन अठ्ठ्या 'स्नोमेन', म्हणजे बर्फाचे बाहुले, आणि दोन दुर्र्या 'डक्स', म्हणजे बदकं. दोन्ही नावं आकड्यांच्या आकारावरून. आपल्याला देवनागरी ८ आणि २ मध्ये ही चित्रं दिसत नाहीत, म्हणून ही नावं पाठच करावी लागतात.

एक्का-राजाला 'बिग स्लिक' म्हणतात. दिसायला देखणी जोडी, पण फ्लॉपने साथ दिली नाही तर हातात नुसता एक्का उरतो. समोर राण्यांची जोडी असेल तर बिग स्लिक शंभरात साधारण ४३ ते ४६ वेळाच जिंकते.

दश्शी-दुर्री हा तसा भिकार हात. तरी त्याला 'डॉयल ब्रन्सन' म्हणतात, कारण या टेक्ससच्या खेळाडूने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली आणि दोन्ही वर्षी शेवटच्या डावात त्याच्या हातात हीच पानं होती. दोन्ही वेळा त्याचं फुल हाऊस (तीन सारखी आणि दोन सारखी पानं) झालं. ब्रन्सन २०२३ साली गेला. ही पानं आली की आमच्याकडे अजूनही कोणीतरी त्याचं नाव घेतोच.

आणि काळे एक्के, काळ्या अठ्ठ्या: 'डेड मॅन्स हँड'. २ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतल्या डेडवुड गावातल्या एका गुत्त्यात वाइल्ड बिल हिकॉक हा नामांकित बंदूकबाज पोकर खेळत बसला होता. एरवी तो भिंतीला पाठ लावून बसायचा; त्या दिवशी ती जागा मिळाली नाही, आणि जॅक मॅकॉलने मागून येऊन गोळी घातली. तेव्हा त्याच्या हातात ही पानं होती असं सांगतात. गोळी आणि तारीख हा इतिहास आहे, पानांची गोष्ट मात्र बऱ्याच वर्षांनी रुजली. पाचवं पान कोणतं, यावर आजही वाद घालणारे आहेत.

सगळ्यांत वाईट सुरुवात कोणती हेही विचारतात: वेगवेगळ्या चिन्हांची सत्ती-दुर्री.

सेट आणि ट्रिप्स एकच ना?

दोन्हींत तीन सारखी पानं. पण हातात जोडी आणि बोर्डवर तिसरं आलं तर 'सेट'. हातात एक आणि बोर्डवर जोडी असेल तर 'ट्रिप्स'. फरक लपण्याचा आहे. सेट कोणाला दिसत नाही. ट्रिप्समध्ये जोडी सगळ्यांसमोर उघडी पडलेली असते, आणि चौथं पान दुसऱ्याच्या हातात असू शकतं. हातात जोडी असताना फ्लॉपवर सेट लागण्याची शक्यता साधारण साडेआठ वेळांत एकदा.

किकर म्हणजे काय?

बरोबरीत निकाल लावणारं पान. बोर्डवर एक्का, गुलाम, अठ्ठी, पंजी, तिर्री. तुमच्याकडे एक्का-नव्वी, माझ्याकडे एक्का-राजा. दोघांचीही एक्क्यांची जोडी, पण माझा राजा तुमच्या नव्वीपेक्षा मोठा. तुम्ही 'किकरने गेलात'. बोर्डवर एक्का, राजा, राणी, गुलाम, सत्ती असती आणि तुमच्याकडे एक्का-नव्वी, माझ्याकडे एक्का-छक्की, तर दोघांचीही पाच पानं तीच झाली असती: दोन एक्के, राजा, राणी, गुलाम. नव्वीला कोणी विचारलं नसतं. याला 'स्प्लिट पॉट' म्हणतात, पॉट अर्धा अर्धा.

आऊट्स कसे मोजतात?

तुमचा हात सुधारणारी जी पानं अजून गठ्ठ्यात आहेत ती 'आऊट्स'. हातात दोन बदाम, फ्लॉपवर दोन बदाम: एकूण तेरांपैकी चार दिसले, नऊ उरले, म्हणजे नऊ आऊट्स. याला 'फ्लश ड्रॉ' म्हणतात. टेबलावरचा सोपा आडाखा असा: फ्लॉपनंतर दोन्ही पानं बघायची असतील तर आऊट्स गुणिले चार, टर्ननंतर गुणिले दोन. नऊ चोक छत्तीस. नेमका हिशेब केला तर ३५ टक्के येतात. पाढे पाठ असलेल्या माणसाला कागद लागत नाही.

स्ट्रेटसाठी दोन्ही टोकं उघडी असतील तर आठ आऊट्स, तो 'ओपन-एंडेड'. मधलंच पान हवं असेल तर चारच, तो 'गटशॉट'. कोणतंही पान आलं तरी हरणारच असाल तर 'ड्रॉइंग डेड'. आणि टर्न व रिव्हर दोन्ही नेमके हवे तेच आले तर 'रनर-रनर'.

बॅड बीट आणि कूलर यांत फरक काय? दोन्हींत हरतोच ना?

हरतो, पण हरण्याची जात वेगळी. तुमचे दोन एक्के, समोर सत्ती-दुर्री, फ्लॉपआधीच सगळे चिंचोके मध्ये. शंभरात साधारण ८८ वेळा तुम्ही जिंकता. उरलेल्या १२ पैकी एक तुमच्या वाट्याला आली तर तो 'बॅड बीट'. जिंकणाऱ्याच्या बाजूने त्याच घटनेला 'सक-आऊट' म्हणतात.

कूलरमध्ये मुळात तुम्ही मागेच असता, पण ते कळायला काही मार्ग नसतो. तुमच्याकडे राजांची जोडी, समोर एक्क्यांची. किंवा सेटवर सेट. तिथे सगळे पैसे जाणारच. कोणीही शहाणा खेळाडू तिथे हरला असता.

हे दोन शब्द वेगळे ठेवण्यावर माझा फार भर असतो. बॅड बीटमध्ये तुमचा निर्णय बरोबर होता. कूलरमध्ये निर्णयाला वावच नव्हता. आणि तिसरा प्रकार, ज्याला सोयीने कोणी नाव देत नाही, तो म्हणजे आपण चुकीचं खेळलो आणि हरलो. घरी परतणारा प्रत्येक जण तिसऱ्या प्रकाराला पहिल्याचं नाव देऊन सांगतो. तसं केलं की शिकणं तिथेच थांबतं.

टिल्ट म्हणजे राग का?

रागामुळे बिघडलेला खेळ. शब्द आला पिनबॉलच्या यंत्रातून. चेंडू हवा तिकडे जावा म्हणून यंत्र जोरात हलवलं की ते 'टिल्ट' दाखवून बंद पडायचं. माणसाचंही तसंच होतं. एक मोठा डाव गेला की पुढचे दहा डाव तो पानं न बघता खेळल्यासारखा खेळतो. जिंकूनही टिल्ट येतो, हे कमी लोकांच्या लक्षात येतं. टिल्ट आला की आमच्याकडे माणसाला गच्चीवर पाठवतात, पाणी पिऊन ये म्हणून.

फिश, व्हेल, निट ही खेळाडूंना दिलेली नावं आहेत का?

हो. 'फिश' म्हणजे कच्चा, हरणारा खेळाडू. 'व्हेल' म्हणजे तसाच पण खूप पैसा घेऊन बसलेला. त्यांच्यावर जगणारा तो 'शार्क'. 'निट' फक्त उत्तम पानं खेळतो. 'मॅनियाक' काहीही असलं तरी रेज करतो. 'कॉलिंग स्टेशन' कधी रेज करत नाही आणि कधी सोडतही नाही, शेवटपर्यंत कॉल करत बसतो; त्याच्यापुढे ब्लफ करू नये, म्हणजे पानं नसताना असल्याचा आव आणून पैसे लावू नयेत. रोज थोडं थोडं जिंकून पोट भरणारा 'ग्राइंडर'.

निट, मॅनियाक ही खेळण्याच्या पद्धतीची नावं आहेत, ती उपयोगाची आहेत. 'फिश' हा शब्द मी वापरत नाही आणि आमच्या टेबलावर वापरू देत नाही. पैसे लावून होणाऱ्या खेळात जिंकणाऱ्याच्या खिशात जातं ते कोणाच्या तरी घरातून आलेलं असतं. त्यातून प्रत्येक पॉटमधला काही हिस्सा कॅसिनो 'रेक' म्हणून कापून घेतं, म्हणजे टेबलावरचे सगळे मिळून तोट्यातच असतात. हरणाऱ्या माणसाला मासा म्हटलं की त्याचं घर दिसेनासं होतं.

थ्री-बेट म्हणतात, पण रेज तर दोनदाच झालेला असतो. मग तीन कुठून?

बिग ब्लाइंड ही पहिली बेट धरतात. त्यावरचा पहिला रेज दुसरी. त्यावर पुन्हा केलेला रेज तिसरी, म्हणून थ्री-बेट. त्यावर फोर-बेट. नुसता ब्लाइंडएवढा कॉल करून आत येणं म्हणजे 'लिंप'.

नवे खेळाडू 'रेंज', 'कॉम्बो' असं बोलतात. ते काय?

जुने खेळाडू समोरच्याकडे नेमकी कोणती दोन पानं आहेत हे ताडायचा प्रयत्न करत. आताचे त्याच्याकडे असू शकतील अशा सगळ्या जोड्यांचा विचार करतात. तो गट म्हणजे 'रेंज'. दोन पानांच्या एकूण १,३२६ जोड्या होतात. त्यांत एक्का-राजा १६ प्रकारे येतो, एक्क्यांची जोडी फक्त ६ प्रकारे. या प्रत्येक प्रकाराला 'कॉम्बो' म्हणतात. म्हणजे 'एक्के किंवा एक्का-राजा असेल' असं वाटलं, तर ते एक्का-राजा असण्याची शक्यता बरीच जास्त. अर्थात त्यांतलं एखादं पान तुमच्याच हातात असेल तर आकडे बदलतात, त्याला 'ब्लॉकर' म्हणतात.

टेबलावर कशाला वाईट मानतात?

'स्लो-रोल' सगळ्यांत वाईट. जिंकलो हे नक्की माहीत असून पानं मुद्दाम सावकाश दाखवायची, समोरच्याला क्षणभर जिंकल्याचा आनंद होऊ द्यायचा आणि मग उलटायची. यात नियम मोडत नाही, माणूस दुखावतो. 'स्लो-प्ले' वेगळा बरं का: चांगला हात असून गप्प चेक करत राहणं, ती रीतसर चाल आहे. 'स्ट्रिंग बेट' म्हणजे चिपा तुकड्या-तुकड्यांनी पुढे ठेवत समोरच्याचा चेहरा वाचणं. ते चालत नाही, रक्कम एकदम ठेवा किंवा आधी तोंडाने सांगा.

बबल, सॅटेलाइट हे शब्द स्पर्धेतले का?

हो. शंभर खेळाडूंत पंधरांना बक्षीस असेल तर सोळा उरल्यावर 'बबल' सुरू होतो, आणि सोळावा गेला की फुटतो. सॅटेलाइट म्हणजे मोठ्या स्पर्धेची प्रवेशिका जिंकून देणारी छोटी स्पर्धा. टेनेसीचा ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस अशाच ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून २००३ च्या वर्ल्ड सिरीजला पोचला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेला २,५७६ जण आले. त्या लाटेला 'मनीमेकर इफेक्ट' म्हणतात. मनीमेकर हे त्याचं खरं आडनाव आहे.

'चिप अँड अ चेअर' हाही स्पर्धेतलाच: एक चिप आणि बसायला खुर्ची असेल तोवर आशा आहे. १९८२ साली जॅक स्ट्राउसकडे एकच चिप उरली होती, तिच्यावरून तो मुख्य स्पर्धा जिंकला. वर्ल्ड सिरीजमध्ये जिंकणाऱ्याला 'ब्रेसलेट' मिळतं. २०१८ साली निकिता लूथर ही ते जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली.

हे सगळं शिकून ऑनलाइन पैसे लावून खेळता येईल का?

भारतात नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. गोव्यात मांडवीतल्या परवाना असलेल्या कॅसिनोंत पोकरची टेबलं असतात. शिकायला चिंचोके पुरतात.

परदेशात टेबलावर मित्राशी मराठीत बोललं तर चालतं का?

अमेरिकेतल्या बहुतेक कार्डरूममध्ये डाव चालू असताना फक्त इंग्रजी बोलायचा नियम असतो. दोघांनी आपसांत पानं सांगू नयेत म्हणून तो आहे, त्यात अपमान मानू नका. डीलरने एकदा सांगूनही बोललात तर तुमचा हात बाद होऊ शकतो. पॉट जिंकणाऱ्याकडे सरकला आणि पानं गोळा झाली, की पुढची दोन पानं येईपर्यंत खुशाल मराठीत बोला.